चौदा तासांचं व्रत

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी लोकांनी आपसांत बोलायच्या बिनतारी रेडिओच्या, परवान्यासाठी सरकारी परीक्षा एकदाच द्यावी लागते. सेल चार्ज करण्याची परीक्षा मात्र मी देवगडजवळच्या आमच्या वाडीत दर पावसाळ्यात देतो आणि दर पावसाळ्यात नापास होतो.

माझ्या हँडीला, म्हणजे हातात धरायच्या रेडिओला, सहा सेल लागतात, निकेल मेटल हायड्राइडचे, २००० एमएएचचे (मिलिअँपिअर-तासांचे). २०० मिलिअँपिअरनं चार्ज करायचे तर हिशेबानं १० तास पुरावेत. पण थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून १४. चार्जरला तसा टायमरच आहे. फक्त लाईट गेली की तो सगळं विसरतो आणि आली की पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसतो. आषाढात आमच्याकडे सलग १४ तास लाईट? एक वेळ ओहोटी १४ तास टिकेल.

म्हणून मी कॅलेंडरवर तास लिहून ठेवतो. ‘३, अडीच, १...’ आईनं तो दुधाचा हिशेब समजून गवळ्याशी भांडण उकरून काढलं. मोजणी चुकून जास्त झाली तर सेल तापतात, म्हणून रात्री उठून एकेकाला हात लावून बघतो.

"पोराक ताप इल्लो तेवा कदी उठलस नाय!" इति आई.

खारी हवा वेगळीच. स्प्रिंगांवर हिरवट थर धरतो. तो मी कोकमाच्या आगळात कापूस बुडवून काढतो. (सोलकढी त्या दिवशी होत नाही. घरचे हेही लक्षात ठेवतात.)

परवा हिशेबाचे १४ तास भरले. वाडी डोंगराच्या पोटात आणि हँडीच्या व्हीएचएफ (अति उच्च वारंवारतेच्या) लहरी जवळजवळ सरळ जाणाऱ्या, म्हणून छत्री घेऊन सडा, म्हणजे डोंगरावरचं कातळाचं पठार, चढलो. गुरांमागचा शेजारी थांबला. "ह्येच्यार बातम्यो लागतत?"

"नाही ओ काका, माणसं लागतात."

आणि खरंच लागली! दोघं गप्पा मारत होते, आवाज खणखणीत. मी बोलायचं बटण दाबलं आणि रेडिओ मेला. सोडलं, जिवंत झाला. ऐकायला त्याला चिमूटभर वीज पुरते. ५ वॅट सोडायचे तर अँपिअरच्या वर ओढतो. सहांतला एक जरी अर्धपोटी असला तरी सगळ्या पंगतीला उठवतो.

"कोणीतरी नुसतंच बटण दाबतंय," पहिला म्हणाला.

"सेल बसले असतील."

"मग घरून चार्ज करून यायला काय होतं?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी बटण दाबलं.