सम गावच्या वाळूच्या टेकड्या ठीक आहेत हो, पण जैसलमेरचा किल्ला?
तुमच्या राजस्थानच्या प्रवासलेखात जैसलमेरचे दोन्ही दिवस समच्या वाळूत आणि उंटावर घालवलेत, हे काही पटलं नाही. खरी मजा ११५६ सालच्या किल्ल्यात आहे. अजून माणसं राहतात तिथे! बोळात गाय आडवी बसलेली, मागे स्कूटरवाला हॉर्न बडवतोय, आम्ही भिंतीला चिकटून उभे. संध्याकाळी किल्ल्याचा पिवळा दगड हळद लावल्यासारखा दिसतो. गच्चीवरच्या हॉटेलात केर-सांगरी (वाळवंटातली केर फळं नि सांगरीच्या शेंगा यांची भाजी) नि बाजरीची भाकरी खाल्ली. केर चांगलेच आंबट, मला करवंदाचं लोणचं आठवलं. (बिल मात्र गच्चीइतकंच उंच!) मुक्काम मात्र किल्ल्याबाहेरच करा. आतल्या वापराचं पाणी किल्ल्याच्या पायात मुरून तटबंदी खचतेय. आणि येताना जैसलमेरचे घोटुआ लाडू विसरू नका, आमचे जोधपूर यायच्या आतच संपले.