जे-१२ वरचे गृहस्थ

दोनशे दहा खुर्च्यांच्या प्रेक्षागृहात आठ माणसे असताना त्यांपैकी एकाने नेमके आपल्याच खुर्चीवर बसलेले असावे, याला योगायोग म्हणणे मला अजूनही जड जाते. गेल्या मंगळवारी सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी हे घडले. पुण्याच्या उपनगरातल्या त्या मॉलने मराठी चित्रपटाला दिवसभरात दिलेला तो एकमेव खेळ होता आणि त्यासाठी मी किरकोळ रजा खर्ची घातली होती. चित्रपटाचे नाव मुद्दामच लिहीत नाही. त्याच्या निर्मात्याचे व्हायचे तेवढे नुकसान होऊन चुकले आहे.

जे-१२ ही कडेची खुर्ची. माझ्या उजव्या गुडघ्याला पाय लांब करण्याची सोय लागते, म्हणून मी नेहमी कडेचीच खुर्ची निवडतो आणि त्यासाठी ॲपचे सुविधा शुल्क मनातल्या मनात बोटे मोडत भरतो. त्या खुर्चीवर इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा सदरा घातलेले, पासष्टीच्या आसपासचे एक गृहस्थ मांडीवर दोनशे पानी वही उघडून बसले होते. मी मोबाइलवरचे तिकीट त्यांच्यासमोर धरले. त्यांनी चष्मा सारखा करून ते नीट वाचले, तारीख आणि वेळही तपासली, आणि समाधानाने मान हलवली.

"बरोबर आहे. जे-१२ तुमचीच. बसा शेजारी."

"काका, जे-१२ माझी आहे म्हणजे मी तिच्यावर बसायला हवं ना?"

"तत्त्वतः हो. पण इथून सगळं दिसतं."

पडदा कुठूनही दिसतो, असे मी म्हणालो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अत्यंत दयाळू नजरेने पाहिले. "पडदा बघायला कोण आलंय? इथून डोकी मोजता येतात."

मी टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या मुलाकडे दाद मागितली. तो म्हणाला, "सर, बसा ना कुठेही, हॉल मोकळाच आहे. काका रोजचे आहेत." ज्या चित्रपटगृहाच्या दारात माझ्या पिशवीतल्या आलेपाकाच्या वड्या 'पॉलिसी आहे' असे सांगून काढून घेण्यात आल्या, त्याच्या आत तिकिटावरच्या क्रमांकाला मात्र कोणतीही पॉलिसी लागू नव्हती. बाहेरचे खाद्यपदार्थ अडवण्याचा चित्रपटगृहांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केला आहे. त्या सुनावणीत, एखाद्याने आत जिलेबी खाऊन खुर्चीला हात पुसले तर सफाईचे पैसे कोण देणार, अशी पृच्छाही झाली होती. खुर्चीच्या आरोग्याची इतक्या वरच्या पातळीवर काळजी घेतली जात असताना, ती खुर्ची ज्याने विकत घेतली आहे त्याचे काय, हा प्रश्न कोणत्याही पीठासमोर आल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मी जे-११ वर बसलो. गुडघा समोरच्या खुर्चीला टेकला आणि जाहिराती सुरू झाल्या. बंगळुरूच्या एका प्रेक्षकाने पंचवीस मिनिटांच्या जाहिरातींनी आपला वेळ वाया घालवला म्हणून ग्राहक आयोगात धाव घेतली होती. आयोगाने २०२५ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला आणि पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्या बिचाऱ्याच्या शेजारी निदान असे गृहस्थ नसावेत. माझ्या पंचवीस मिनिटांत मला एक संपूर्ण शास्त्र शिकवण्यात आले.

काका एका सहकारी बँकेच्या वसुली विभागातून निवृत्त झालेले होते. निवृत्तीनंतर माणसे बागकाम करतात, नर्मदा परिक्रमेला जातात. काका मराठी चित्रपटांची 'ऑक्युपन्सी', म्हणजे किती खुर्च्या भरल्या त्याचे प्रमाण, नोंदवतात. वहीत तीन रकाने होते. पहिली मोजणी जाहिरातींच्या वेळी होते, पण ती कच्ची. कारण काही लोक पॉपकॉर्नच्या रांगेत असतात. दुसरी मध्यंतरात होते आणि तिच्यातून 'गळती' कळते. खरी मोजणी राष्ट्रगीताच्या वेळी. "सगळे उभे असतात, हलत नाहीत, अंधारातही उंची कळते. फक्त आपणही सावधान असतो, त्यामुळे मान वळवायची नाही, नुसते डोळे फिरवायचे," असे म्हणून त्यांनी मला डोळे फिरवून दाखवले. डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत ती बुबुळे ज्या शिस्तीने सरकली, तिच्यामागे बरीच वर्षांची साधना असावी.

"तुम्ही आल्यामुळे आपण चारच्या जवळ गेलो," ते वहीत लिहीत म्हणाले. "टक्के. तीन पूर्णांक आठ."

"त्यात तुम्ही स्वतः धरलेत?"

"का नाही धरायचं? मी तिकीट काढतो, साहेब. रोज. एल-४ आहे माझी." आणि त्यांनी खरोखरच तिकीट दाखवले. माझी तक्रार तिथेच लंगडी पडली. फुकट्या माणसाशी भांडता येते. मराठी चित्रपटाला रोज स्वतःच्या निवृत्तिवेतनातून हातभार लावणाऱ्या माणसाशी कसे भांडायचे?

तेवढ्यात आगामी चित्रपटांच्या झलका सुरू झाल्या. झलका मला मनापासून आवडतात. कित्येकदा पुढच्या अडीच तासांपेक्षा त्या दोन मिनिटांत अधिक जीव असतो. काकांनी मात्र पडद्यावरच्या प्रत्येक हालचालीचे तारखांत रूपांतर करण्याचा सपाटा लावला. 'धुरंधर'चा दुसरा भाग १९ मार्च २०२६ ला येणार, हे पहिल्या भागाच्या शेवटीच जाहीर झाले होते, आणि त्या दिवशी गुढीपाडवा होता. "सकाळी गुढी, दुपारी श्रीखंड, म्हणजे संध्याकाळचे खेळ फुल्ल," काका म्हणाले. रितेश देशमुख यांचा 'राजा शिवाजी' १ मेला आहे, हे कळताच त्यांनी वहीच्या मागच्या पानावर वार तपासला आणि "शुक्रवार, त्यात महाराष्ट्र दिनाची सुट्टी, वा!" असा उद्गार काढला. नितेश तिवारींच्या 'रामायणा'चा पहिला भाग २०२६ च्या दिवाळीत आणि दुसरा २०२७ च्या दिवाळीत येणार, यावर त्यांनी काळजी व्यक्त केली की, मधल्या वर्षात 'बझ', म्हणजे लोकांतली चर्चा, टिकला पाहिजे. रामकथेचा बझ टिकेल की नाही, ही चिंता वाल्मीकींपासून आजवर कोणी केली नसेल.

मी विषय बदलण्याचा प्रयत्न केला. मला चित्रपटाविषयी बोलायला आवडते. खरे तर तेवढेच आवडते. मी म्हणालो, "'दशावतार' पाहिलात? दिलीप प्रभावळकरांनी वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी जे केलं आहे..."

"१२ सप्टेंबर," काका म्हणाले. "त्याच शुक्रवारी 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट'. एका दिवशी तीन मराठी. आपल्याच पायावर धोंडा."

हे मात्र त्यांचे खरे होते आणि म्हणून मला अधिकच राग आला. वर्षाला बावन्न शुक्रवार असताना आपले निर्माते तीन-तीन जण एकाच शुक्रवारी हातात हात घालून येतात आणि पुढच्या शुक्रवारी पडदे मिळत नाहीत म्हणून वेगवेगळ्या पत्रकार परिषदा घेतात. तरी मी चिकाटी सोडली नाही. मी बाबुली मेस्त्रीविषयी बोलू लागलो. नजर अधू होत चाललेला तो म्हातारा दशावतारी, ज्याला रंगमंच सोड म्हणून मुलगा विनवतो आहे आणि ज्याला तो सुटत नाही. प्रभावळकर तिथे नुसते खांदे पाडून उभे राहतात, तरी त्या माणसाचे सगळे वय आपल्याला समजते, असे काहीसे मी सांगत होतो. काका शांतपणे ऐकत होते. माझे वाक्य संपल्यावर त्यांनी विचारले, "दुसऱ्या सोमवारी कितपत होता हो तुमच्याकडे?"

मग मी 'साबर बोंडं' काढला. रोहन कानवडे यांच्या या चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचा परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्या महोत्सवात दाखवला गेलेला तो पहिला मराठी चित्रपट. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुंबईकर तरुण आणि त्याचा बालमित्र, इतकीच गोष्ट, आणि ती इतक्या हलक्या आवाजात सांगितलेली की, समोरच्या रांगेत कोणी वेफर्सची पिशवी उघडली तर एक संपूर्ण प्रसंग हातचा जावा. मी हे सांगत असताना काकांनी वहीची पाने उलटली, एका ओळीवर बोट ठेवले आणि हळहळून म्हणाले, "पाच जण. मी धरून."

"पण तुम्हाला कसा वाटला?"

"मी मध्यंतरानंतर थांबत नाही," काका म्हणाले. "मोजणी झाली की निघतो. दुसऱ्या एका मॉलमध्ये साडेअकराचा असतो."

म्हणजे या गृहस्थांनी वर्षभरातल्या बहुतेक मराठी चित्रपटांची तिकिटे काढली होती आणि त्यांपैकी एकाचाही शेवट त्यांना ठाऊक नव्हता. मराठी चित्रपटाच्या पाठीशी उभे राहायला हवे, असे त्यांचे ठाम मत होते आणि ते खरोखर पाठीशीच उभे होते. तोंड मात्र पडद्याकडे नव्हते. दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून केलेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, तो दिवस शनिवार होता. काका तिथे असते तर त्यांनी तारामतीकडे पाठ करून रविवारची वाढ किती, ते मोजले असते.

राष्ट्रगीत झाले. मी समोर पाहत होतो, पण शेजारची बुबुळे फिरत आहेत, ही जाणीव काही केल्या जाईना. आणि मग तो प्रकार झाला, ज्याचा मला सर्वांत जास्त राग आहे. काकांनी मोबाइल काढला आणि मला म्हणाले, "साहेब, एक विनंती. ग्रुपवर फोटो टाकायचा असतो. रिकामा हॉल दिसला की लोक येत नाहीत. मी पॅनोरामा घेतो, हळूहळू फिरवतो. तुम्ही आधी इथे बसा, मग वाकून मागून पळत जाऊन तिकडे टोकाला बसा. दोनदा याल. चपळ माणूस तीनदासुद्धा येतो."

मी गुडघ्याचे कारण सांगितले. काकांनी ते अत्यंत समजूतदारपणे स्वीकारले आणि टॉर्चवाल्या मुलाला हाक मारली. तो चार वेळा आला. एकदा त्याला डोके आले नाही, पण काकांच्या मते अंधारात ते खपून जाते. या धावपळीत चित्रपटाची पहिली काही मिनिटे गेली. नायिकेने ते पत्र कोणाला लिहिले, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

गंमत म्हणून हे सांगतो आहे, पण त्या रिकाम्या खुर्च्यांत बसून हसू येत नव्हते. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला प्राइम टाइम देणे सक्तीचे केले, तेव्हा आधी तो संध्याकाळी ६ ते ९ असा जाहीर झाला होता. ओरड झाली आणि तो दुपारी १२ ते रात्री ९ असा ताणला गेला. ज्या राज्यात भर दुपारी जेवणानंतर डोळा लागण्याची वेळ प्राइम टाइम ठरू शकते, तिथे सकाळी ९.४० ला तक्रार कोणत्या तोंडाने करायची? त्यात हिंदी चित्रपटांची लांबी वाढत चालली आहे. 'धुरंधर'चा पहिला भाग तीन तास चौतीस मिनिटांचा होता. अक्षय खन्ना पडद्यावर असेपर्यंत माझी त्या लांबीविषयी तक्रार नव्हती, हे खरे. पण तेवढ्या वेळात आपले दोन चित्रपट होऊन पार्किंगचे पैसे देऊन झाले असते. आणि शिवाजी सावंतांच्या मराठी कादंबरीवरचा, लक्ष्मण उतेकर या मराठी दिग्दर्शकाचा 'छावा' २०२५ मध्ये आपण गर्दी करून, डोळे पुसत हिंदीत पाहिला. तो मराठीत आला असता, तर त्यालाही बहुधा सकाळी ९.४० च मिळाले असते.

मध्यंतरात काकांनी गळती तपासली. एक माणूस कमी झाला होता. तो स्वच्छतागृहातून परत आल्यावर त्यांनी खाडाखोड केली, माझा नंबर मागून घेतला, फोटो पाठवला आणि "आता बसा तुमच्या जागेवर" असे औदार्याने सांगून ते साडेअकराच्या खेळाला निघाले. मी जे-१२ वर सरकलो. ती खुर्ची मागे रेलतच नव्हती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मला त्यांचा निरोप येऊ लागला. "आज ६. स्थिर." "आज ४. पाऊस नसूनही." एकदा मी चिडून लिहिले की, चित्रपट चांगला आहे, उत्तरार्ध तर फारच चांगला आहे, एकदा बसून पाहा. त्यावर त्यांनी अंगठा पाठवला आणि खाली विचारले, "कलेक्शनचे आकडे कुठे वाचलेत, तर नेट होते की ग्रॉस?" म्हणजे कर वगळून की करासकट.

शुक्रवारी चित्रपट उतरला. ॲपवर त्याचे पोस्टर दिसेनासे झाले, आणि संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेला कोणताही आकडा आला नाही. रात्री साडेदहाच्या सुमारास मात्र काकांचा लांबलचक निरोप आला: "साहेब, आपला पिक्चर गेला. आता मोजायला काही राहिलं नाही. तुम्ही शेवटपर्यंत बसला होतात म्हणून विचारतो, त्या मुलीच्या वडिलांचं पुढे काय झालं?"

जे-१२ मी विसरलो नव्हतो. मी लिहिले, "नेट सांगू की ग्रॉस?"

उत्तर लगेच आले. "दोन्ही सांगा."