साडेचार हजारांची कार्डं आणि आमची चिऊ

परवा कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या पोराने विचारलं, दादा तुमची मुलगी केवढी आता? म्हटलं पंधरा महिन्यांची. तर लगेच, ब्रेन डेव्हलपमेंटसाठी काय घेतलंय मग? म्हणजे नवा फोन कुठला घेतला असं विचारतात ना, तसं. त्याच्या बायकोला सातवा लागलाय आणि ह्याचं बाळाला दाखवायच्या चित्रांच्या कार्डांचं किट घ्यायचं ठरलंय, हप्त्यावर. चाकण येईपर्यंत मी त्याला जे काय सांगत बसलो तेच इथे लिहितोय, कारण तो बिचारा नाईट करून आलेला, अर्ध्यातच झोपला.

आधी कबूल करतो, मी पण घेतलं होतं. चिऊ चार महिन्यांची होती, रात्री दोन वाजता तिला खांद्यावर टाकून हॉलमध्ये फेऱ्या मारत होतो आणि दुसऱ्या हातात फोन. त्यात ॲड आली, एवढंसं बाळ धडाधड प्राणी ओळखतंय आणि खाली लिहिलेलं की ही वर्षं परत येणार नाहीत. रात्री दोन वाजता माणूस काहीही विकत घेतो. साडेचार हजार गेले. शंभर कार्डं आणि व्हिडिओ कॉलवर डेमो द्यायला एक मॅडम. एका कार्डाला एक सेकंद, फटाफट दाखवायचं, नाव घ्यायचं, पुढचं. चिऊने दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी मान फिरवून पंख्याकडे बघायला लागली. मी तिची हनुवटी धरून परत कार्डाकडे वळवायचो. ती परत पंख्याकडे. असं आठवडाभर चाललं आमचं. आणि त्या आठवड्यात मी तिला एकदाही "पंखा" असं म्हटलं नाही, कारण पंख्याचं कार्डच नव्हतं.

लसीला गेलो तेव्हा डॉक्टरांना सांगितलं की हिचं लक्ष लागत नाही. ते म्हणाले, लक्ष लागलंय हो तिचं, तुमचं लागत नाहीये, ती बघते तिकडे तुम्ही बघा. फी वगैरे देऊन बाहेर आलो तेव्हा जरा राग आलेला, खरं सांगतो. पण माझ्या मते लहान बाळाच्या शिक्षणाबद्दल कुणी मला सांगितलेली सगळ्यात कामाची गोष्ट तीच. बाळाला शिकवत बसायचं नाही, त्याने काही म्हटलं की त्याला उत्तर द्यायचं. बघणं, हात नाचवणं, "आग्गू" करणं, हे त्याचं म्हणणंच असतं.

आणि हे उत्तर देणं म्हणजे किती महत्त्वाचं ते वाचल्यावर माझी झोपच उडाली. अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. आईने बाळाशी नेहमीसारखं खेळायचं आणि मग अचानक काही मिनिटं चेहरा कोरा करून नुसतं बघत बसायचं. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, आईला परत आणायची सगळी धडपड करतं, आणि शेवटी तोंड फिरवतं नाहीतर रडायला लागतं. ह्याचा व्हिडिओ बघितला आणि मला माझाच चेहरा दिसला. बाळ मांडीवर आणि मी रील बघतोय, तेव्हा माझा चेहरा अगदी तसाच असणार की! माझी आई कराडहून आली होती तेव्हा तिने हे प्रयोगबियोग न वाचता सांगितलंच होतं, "काय रं, लेकराजवळ बसून मुक्यागत फोनात काय बघतूस? बोल की तिच्याशी."

आता बोलायचं काय, हा बापलोकांचा खरा प्रॉब्लेम आहे. बायकांना कसं जमतं काय माहीत, आई, सासूबाई, मालिशवाल्या मावशी, सगळ्या तिच्याशी अखंड बोलायच्या. मावशी तर पाय चोळता चोळता तिला अख्ख्या सोसायटीच्या भानगडी सांगायच्या आणि मधेच थांबून "हो की नाही गं?" विचारायच्या, आणि ही हुंकार द्यायची! मला मात्र चार महिन्यांच्या पोरीशी बोलायचं म्हणजे येड्यासारखं वाटायचं. मनात म्हणायचो बोलायला लागली की बोलू. पण हे उलटं आहे ना राव, आपण बोलतो म्हणून ती बोलायला लागणार. पोटात असतानाच बाळाला आवाज जातात, जन्मल्या जन्मल्या ते आईचा आवाज ओळखतं. मग बापाचा कधी ओळखणार, मेसेज वाचून?

मी सुरुवात लंगोट बदलण्यापासून केली, कारण तेव्हा ती कुठे जाऊ शकत नव्हती आणि मी पण. हा बघ एक पाय, हा दुसरा पाय, अगं बाई केवढी शी केली, हे गार गार पाणी. मग कांदा चिरताना, मग कपडे वाळत घालताना, हा बाबाचा शर्ट, हा आईचा, हा चिऊचा एवढुस्सा. सेकंड शिफ्ट असली की सकाळी तिला सुपरवायझर काय म्हणाला ते पण सांगतो, ती फार गंभीर होऊन ऐकते. फक्त एक गोष्ट शिकावी लागली, मधे थांबायची. आपण बडबडतच सुटलो तर तो रेडिओ झाला. एक वाक्य बोलायचं, तिच्या तोंडाकडे बघायचं, पाच-सहा सेकंद गप्प राहायचं. ते पाच सेकंद फार मोठे वाटतात, पण तेवढ्यात काहीतरी येतं. लाथ येते, "बुऽऽ" येतं, कधी नुसती लाळ येते. ते आलं की त्याला आपण परत उत्तर द्यायचं.

भाषेचं पण बोलतो, म्हणजे इथे भांडण होणार हे माहीत आहे. आमच्या सोसायटीच्या गार्डनमध्ये संध्याकाळी "बेबी लुक, डॉगी आला, डॉगीला बाय कर, नो नो, डर्टी हँड" असं चालू असतं. इंग्रजीवर माझा काही राग नाही. पण ज्या भाषेत तुम्हाला चिडता येतं, लाड करता येतात, शेजाऱ्याची नक्कल करता येते, ती सोडून तुम्ही बाळाशी चाळीस-पन्नास इंग्रजी शब्दांत बोलणार? मग त्याच्या वाट्याला तेवढेच शब्द येणार. आणि कानाचं एक गंमतशीर आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस ह्यांचा १९८४ चा अभ्यास आहे, कॅनडातला, आणि त्यात चक्क आपले त आणि ट होते, हिंदीतले. इंग्रजी बोलणाऱ्या घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हा फरक बरोबर ओळखायची, पण दहा-बारा महिन्यांची झाली की बहुतेकांना तो ऐकूच येईना, कारण घरात तो फरक कुणी करतच नव्हतं. हिंदी घरातली बाळं मात्र ओळखत राहिली. म्हणजे पहिला वाढदिवस व्हायच्या आतच कान ठरवतो की कुठले आवाज आपले. आमच्याकडे चिऊची आई नागपूरची, तिची हिंदी पण चालते मधे मधे, माझी आई कराडची बोली बोलते, मी मधलंच काहीतरी. सगळं चालतं. दोन-तीन भाषा ऐकून बाळ गोंधळतं आणि उशिरा बोलतं, ही उगाच घातलेली भीती आहे.

आता मोबाईल. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं सांगणं आहे की एक वर्षाच्या आत स्क्रीन नकोच, दोन वर्षांपर्यंत पण नको. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पण दोन वर्षांच्या आत नकोच म्हणते, फक्त आजी-आजोबांना कधीमधी व्हिडिओ कॉल चालेल. पण तो शिक्षणाचा व्हिडिओ आहे हो, असं लोक म्हणतात. सिॲटलला पॅट्रिशिया कूल ह्यांनी २००३ मध्ये हेच तपासलं. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांपुढे चिनी बोलणारी माणसं बसवली, बारा वेळा, खेळत, पुस्तक दाखवत. बाळं चिनी आवाज ओळखायला शिकली. तेच सगळं दुसऱ्या बाळांना टीव्हीवर दाखवलं, तर काहीही शिकली नाहीत. शून्य! टीव्हीतला माणूस उत्तर देत नाही ना.

हे सगळं लिहितोय म्हणून मी साधू आहे असं समजू नका. वाफ देताना आणि नखं कापताना आमच्याकडे अजून मोबाईल लागतो. जेवताना मात्र बंद केला आणि ते पहिले आठ-दहा दिवस आठवले तरी घाम फुटतो, वरणभात भिंतीवर, सासूबाई माझ्यावर नाराज, लेकरू उपाशी राहिलं म्हणून. मग हळूहळू तिच्या पुढ्यात वेगळी वाटी-चमचा दिला, निम्मं सांडलं, निम्मं पोटात गेलं. आता ती मलाच भरवते, माझ्या नाकात.

खेळण्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. स्टीलचे डबे आणि त्यांची झाकणं, पळी, प्लास्टिकच्या बाटलीत राजमा भरून झाकण फेविक्विकने गच्च लावलेलं, ओढणीमागे लपून भॉक. बाटलीवर नजर ठेवावी लागते, फुटली की फेकायची. दाणे, फुटाणे, नाणी आणि रिमोटचे ते चपटे बटण सेल हाताला लागता कामा नयेत, सेल गिळला तर घरी वाट बघत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. बाकी सतरंजी टाकून जमिनीवर सोडायचं. रांगत नाही तोवर जागेपणी, आपण शेजारी असताना, दिवसातून थोडं थोडं मिळून अर्धा तास तरी पालथं ठेवायचं. आमच्याकडे उलटं होतं, पोरगी सदा कुणाच्या तरी मांडीवर, कारण खाली गार लागेल. वॉकर गिफ्ट आला होता, तो माळ्यावर टाकला. त्याने चालायला लवकर येत नाही आणि पोरं जिन्यावरून गडगडतात ते वेगळंच, कॅनडात तर २००४ पासून त्यावर बंदीच आहे.

मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? आईच्या गावातल्या अंगणवाडी ताईंना मी कौतुकाने किट दाखवलं तर त्या हसल्या. म्हणाल्या आम्ही हेच सांगतो की आयांना, वाट्या घ्या, चिंध्या घ्या, बोला, पैसे लागत नाहीत. सरकारने २०२४ मध्ये "नवचेतना" म्हणून जन्मापासून तीन वर्षांपर्यंत घरी काय काय करायचं त्याचा आराखडाच काढलाय. आणि ज्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी बोर्डी-कोसबाडला दगड, पानं, शंख-शिंपले घेऊन आदिवासी मुलांच्या अंगणात शाळा नेली, तिथे मी इन्स्टाग्रामवरून हत्तीचा फोटो मागवला.

एक गोष्ट सिरियसली. "त्याचा बाप पण उशिराच बोलला होता" हे वाक्य ऐकून गप्प बसू नका. वर्षाचं होईपर्यंत बाबाबा-ममम नाही, बोट दाखवत नाही, हाकेला वळत नाही, सव्वा-दीड वर्षाला एकही शब्द नाही, किंवा येत होतं ते बंद झालं, तर डॉक्टरांना दाखवा आणि आधी कान तपासून घ्या. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला कमी ऐकू येतं हे अडीच वर्षांनी कळलं, तोवर सगळे त्याला हट्टी म्हणत होते. जिल्हा रुग्णालयात ह्यासाठी सरकारी केंद्रं आहेत, तपासणी फुकट होते.

आमची चिऊ आता पाच-सहा शब्द बोलते. पहिला शब्द आई नव्हता, बाबा पण नव्हता. वर बोट करून "पंका". बायको अजून चिडवते.

कार्डं कुणाला हवी असतील तर कळवा, फुकट देतो. शंभरातली ८७ सापडली, बाकीची कपाटाखाली असतील, तिला ती डब्यात टाकायला आणि काढायला फार आवडतात. हत्तीचा एक कान खाल्लेला आहे.