गोरेपणाचा तो मेसेज पुढे ढकलू नका

‘नट्या जन्मतः गोऱ्या नसतात, क्रीमने होतात. शंभर टक्के हर्बल, साइड इफेक्ट नाही. लग्न ठरलेल्या मुलींनी आजच सुरू करा.’ हा मेसेज घरच्या ग्रुपवर आला आणि ताईने भाचीसाठी दोन डब्या मागवल्यासुद्धा. मुलीचा साखरपुडा झालाय, मुलाकडच्यांनी तिच्या रंगाबद्दल चकार शब्द काढलेला नाही, तरी हे!

‘हर्बल’ हा सगळ्यांत घातक मुद्दा. डबी मी हातात घेऊन पाहिली. नटीचा फोटो आहे. कंपनीचा पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी यातलं काहीच नाही. अशा बेनामी क्रीममध्ये पारा सापडतो. पारा त्वचेत मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा झटपट उजळतो. पण तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून किडनीत जातो. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे, म्हणजे किडनीची चाळणी बिघडून लघवीतून प्रोटीन जाणाऱ्या आजाराचे, २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांना या आजाराचा ‘नेल-१’ नावाच्या प्रोटीनशी जोडलेला प्रकार होता आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. ‘किडनी इंटरनॅशनल’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलंय. आपल्या अकोल्यातही एकाच घरातल्या तिघींच्या किडन्या अशाच क्रीमने बिघडल्या होत्या. आणखी काय पुरावा हवा?

‘नट्या हेच लावतात’ म्हणे. जाहिरातीचे पैसे मिळतात, म्हणून फोटो असतो. बेनामी डबीवर तर तो न विचारताच छापतात. दक्षिणेतली नटी साई पल्लवीने २०१९ मध्ये गोरेपणाच्या क्रीमची मोठ्या रकमेची जाहिरात नाकारली होती. पडद्यावर नट्या उजळ दिसतात, हे मान्य. पण ते मेकअपचं, लाइटचं आणि शूटिंगनंतर संगणकावर केलेल्या रंगकामाचं काम.

राहिला ‘सावळ्या मुलीला कोण विचारतं’ हा मुद्दा. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ आली, तेव्हापासून जाहिरातींनी हेच आपल्या डोक्यात भरवलंय. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणाऱ्या सावळ्या स्मिता पाटीलने दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळवले, ते कुठली डबी लावून?

ताई, क्रीम लावायला सुरुवात झाली असेल तर आजच बंद कर. लघवीला फेस येत असेल, पाय किंवा चेहरा सुजला असेल तर लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या आणि डबी सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवा. केरळातले बहुतेक रुग्ण क्रीम थांबवल्यावर सुधारले.