एला फिट्झजेराल्ड आणि एकट्या पियानोची साथ

ग्वाल्हेर घराण्याच्या गायकाचे कौतुक करताना तो काय काय गातो, याची यादी आधी येते. ख्याल तर आहेच, पण टप्पा, तराणा, ठुमरी, अष्टपदी, भजन हेही त्याला आले पाहिजे. ख्यालातही आलाप, बोलआलाप, तान, बोलतान, मींड, गमक, लयकारी या सर्व अंगांसाठी गळा तयार असला पाहिजे. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या मराठी घरांत वाढलेल्या माझ्यासारख्या श्रोत्यांच्या कानांवर हा हिशेब लहानपणापासून पडत असतो. गंमत अशी की, जाझ गायिका एला फिट्झजेराल्ड हिच्याविषयी लिहिणारेही बहुधा असाच हिशेब मांडतात. तीन सप्तकांच्या आसपास फिरणारा गळा, स्विंग, बीबॉप, ब्लूज, बॅलड, स्कॅट, अशी ती यादी वाढत जाते. ती खोटी नाही. मात्र एलाच्या अष्टपैलूपणाचा खरा अंदाज घ्यायचा असेल, तर या यादीतले जवळजवळ सारे बाजूला ठेवून ती एकट्या पियानोबरोबर जिथे गायली आहे, ती ध्वनिमुद्रणे ऐकली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

तिची कारकीर्द थोडक्यात सांगतो. जन्म १९१७ चा. नोव्हेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधील हौशी कलावंतांच्या स्पर्धेत ती नाचायला म्हणून गेली आणि ऐनवेळी गायली. पुढच्या वर्षी चिक वेब या ढोलवादकाच्या वाद्यवृंदात तिला जागा मिळाली, १९३८ मध्ये एका बालगीतावरून बेतलेल्या गाण्याने ती देशभर पोहोचली आणि १९३९ मध्ये वेब वारल्यावर तो वाद्यवृंद तिच्याच नावाने काही काळ चालला. चाळिशीच्या दशकात डिझी गिलेस्पी या ट्रम्पेटवादकाच्या सहवासात बीबॉप या वेगवान जाझशैलीची वळणे तिच्या गळ्यात आली आणि निरर्थक अक्षरांवर वाद्यासारखी फिरत करण्याचा, म्हणजे स्कॅटचा, तिचा लौकिक झाला. तराणा ऐकून वाढलेल्या कानाला हा प्रकार परका वाटत नाही. आमच्याकडे द्रुत तानेला हमखास टाळी पडते, तशी तिच्या स्कॅटला पडत असे.

सप्टेंबर १९५० मध्ये तिने डेका कंपनीसाठी जॉर्ज गर्श्विन या अमेरिकन संगीतकाराची आठ गाणी ध्वनिमुद्रित केली. साथीला फक्त एलिस लार्किन्सचा पियानो होता; ढोल नाही, बेस नाही, तंतुवाद्ये नाहीत. या काळात कंपनी तिच्याकडून बरीच हलकीफुलकी, चटकन खपणारी गाणी गाऊन घेत असे, त्यामुळे ही दहा इंची तबकडी त्यांच्या पसाऱ्यात वेगळीच उठून दिसते. या आठही गाण्यांत एला स्कॅट करत नाही. चाल फारशी मोडत नाही, तारसप्तकात जाऊन कोणाला चकित करत नाही. गाण्याचा शब्द जिथे पडायला हवा त्याच्या किंचित आधी किंवा मागे ठेवते, एखादा स्वर थोडा अधिक धरते, आणि एवढ्यावर तीन मिनिटांचे गाणे पुरे होते. ज्या गळ्यातून हवे ते निघू शकते, त्या गळ्याने इतके कमी करायचे ठरवणे ही माझ्या मते तिची सर्वांत अवघड करामत आहे.

लार्किन्स जुलियार्ड या न्यूयॉर्कच्या संगीतशाळेत शिकलेला आणि न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवणारा वादक होता. त्याची साथ समजून घेताना आपल्या पेटीची सवय थोडी आड येते. आपला पेटीवाला गायकाच्या मागोमाग तेच स्वर घेत जातो. गायक थांबला की ती जागा भरतो. या कलेला प्रतिष्ठा देणारे भैया गणपतराव ग्वाल्हेरच्या राजघराण्यातले होते, आणि ठुमरीच्या साथीत त्यांची पेटी गळ्याशी किती एकरूप होत असे, याच्या गोष्टी इथे अजून सांगितल्या जातात. (पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली, हा वेगळ्या संतापाचा विषय आहे.) जाझमधला पियानो हे काम करत नाही. एला गात असलेली चाल लार्किन्स सहसा वाजवतच नाही. तो तिच्या खाली स्वरसंघातांची, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक स्वरांची, जमीन घालतो आणि ती जमीन सतत बदलत राहते.

आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज (सा) अढळ असतो, त्यामुळे गंधार (ग) लागला की त्याचे षड्जाशी नाते ठरलेले असते. लार्किन्सच्या साथीत एलाने एकच स्वर लांबवला आणि त्याच्या डाव्या हाताने मधल्यामध्ये खालचा स्वरसंघात बदलला, तर तोच स्वर, गळा जराही न हलता, आधी निवांत वाटलेला, एकदम अस्वस्थ वाटू लागतो. म्हणजे गायिकेला मींड किंवा कंपन घेऊन भाव बदलावा लागत नाही, अचूक जागी स्थिर राहणे पुरते. मात्र हे अचूक राहणे फार महाग असते. ढोल आणि बेस असताना लय दुसरे कोणी सांभाळते. इथे ती दोघांनाच धरायची असते, आणि पियानोचे बारा स्वर आधीच जुळवून पक्के केलेले असल्यामुळे सुरातला कणभर फरकही लपत नाही. एला या परीक्षेत कुठेच डळमळत नाही.

तिच्यावरचा एक जुना आक्षेप असा की, गळा अप्रतिम असला तरी तिच्या गाण्यात दुःख नाही, आणि लगेच तिची समकालीन जाझ गायिका बिली हॉलिडे हिचे नाव घेतले जाते. हॉलिडेचे मोठेपण मला निर्विवाद मान्य आहे. तरीही हा आक्षेप मला वरवरचा वाटतो. एला दुःखाचा अभिनय करत नाही, इतकेच. ती शब्द स्वच्छ उच्चारते आणि दुःख चालीतून व खालच्या स्वरसंघातांतून येऊ देते. पियानोबरोबर गायलेले ‘समवन टू वॉच ओव्हर मी’ एकदा ऐकावे आणि मग तेच गाणे तिने १९५९ मध्ये नेल्सन रिडलच्या वाद्यवृंदाबरोबर गायलेले ऐकावे. पाच तबकड्यांचा तो गर्श्विन संच नावाजलेला आहे आणि नावाजण्याजोगा आहेच. पण वाद्यवृंद भावना आधीच सांगून टाकतो आणि गायिकेला सांगायला थोडेच उरते.

१९६० या एका वर्षात तर तिची दोन टोके दिसतात, आणि दोन्हीकडे पियानोवर पॉल स्मिथ आहे. फेब्रुवारीत बर्लिनच्या मोठ्या सभागृहात ‘मॅक द नाइफ’ गाताना ती शब्द विसरली, जागच्या जागी नव्या ओळी रचत गेली, मध्येच जाझ गायक आणि ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगची नक्कलही केली, आणि त्या गाण्याला ग्रॅमी मिळाले. एप्रिलमध्ये त्याच स्मिथच्या एकट्या पियानोबरोबर तिने एका चित्रपटाच्या निमित्ताने संथ गाण्यांची तबकडी केली. पहिली जगभर गाजली, दुसरी त्या मानाने दुर्लक्षित राहिली. मला मात्र दुसरी अधिक जवळची वाटते.

पियानोवादक ऑस्कर पीटरसनबरोबरची १९७५ ची तबकडी मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण तिच्याविषयी माझे मत अनेकांना पटणार नाही. पीटरसनची बोटे अफाट चालतात आणि तो मोकळी जागा दिसली की भरतो. काही गाण्यांत रे ब्राउनचा डबल बेसही आहे (तो एकेकाळी एलाचा पती होता, पण वाजवताना त्याचा मागमूस नाही). अठ्ठावन्न वर्षांच्या एलाचा आवाज तोवर जाड झाला होता, त्यातली जुनी तकाकी कमी झाली होती, आणि अशा आवाजाला लार्किन्ससारखी कमी बोलणारी साथ अधिक मानवली असती, असे मला वाटते. लार्किन्सबरोबरची १९५० ची आठ आणि १९५४ ची बारा, अशी वीस गाणी १९९४ मध्ये एकाच सीडीवर आली. ज्यांना एला नव्याने ऐकायची असेल त्यांनी तिथून सुरुवात करावी, बर्लिन नंतर ऐकावे, आणि पीटरसनविषयी माझ्याशी खुशाल भांडावे.