मोहोळचा आकडा नेमका कुणाचा?

सकाळी चहा हातात घेतला आणि भावकीच्या ग्रुपवर एक यादी येऊन पडली. आपल्या सोलापूर जिल्ह्यातले तालुके, समोर रस्ते अपघातातले मृत्यू, लाखामागे किती. मोहोळ वर, माढा बराच खाली. लगेच एकाचा शेरा: "मोहोळवाल्यांना गाडीच चालवता येत नाही बे!" मग हसऱ्या चेहऱ्यांची रांग. यादी कुठून आली, कुणी केली, देव जाणे. पण माझा चहा गार झाला.

आमचा दादा, माझा चुलतभाऊ, माढा तालुक्यातला. चिंचोळी एमआयडीसीत कामाला. शनिवारी ड्यूटी सुटली की मोटारसायकलला पिशवी अडकवायची आणि गावाकडं. त्या शनिवारी मोहोळच्या पुढं अंधारात उसाची ट्रॉली उभी होती. टायर फुटलेला, लाइट नाही. मागं रिफ्लेक्टर म्हणून सुतळीनं बांधलेली एक जुनी सीडी, तीही चिखलानं माखलेली. सोलापूरच्या दवाखान्यात दादा तिसऱ्या दिवशी गेला.

आता सांगा, दादा कुणाच्या खात्यात? अपघात मोहोळच्या हद्दीत, म्हणून गुन्हा तिथं, आकडाही तिथं. जीव सोलापुरात गेला, म्हणून दाखला सोलापूर महापालिकेचा. आणि जिथं त्याची बायको, दोन लेकरं आणि स्लॅबपर्यंत आलेलं घर आहे, त्या माढ्याच्या रकान्यात तो नाहीच. माढा चांगला, शिस्तीचा!

मोहोळवरून पुणे-हैदराबादचा ६५ नंबरचा महामार्ग जातो हो. देशातल्या एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्ग जेमतेम २ टक्के, आणि २०२२ साली ३६ टक्के मृत्यू त्यांच्यावर. रात्रभर कुठकुठले ट्रक, ट्रॅव्हल्स तिथून पळतात, मरणारा कुठलाही असो, भागायचं मोहोळच्या लोकसंख्येनं. पंढरपूरचं तर विचारूच नका. आषाढीला रस्त्यावर लाखो माणसं, आणि भागाकाराला तिथले रहिवासी, तेही २०११ च्या जनगणनेचे.

बरं, लाखामागचा दर काढूच नये असंही नाही, मान्य. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यात उत्तर प्रदेश पहिला, २२,५९५. तमिळनाडू १७,८८४. पण लोकसंख्येनं भागलं की तमिळनाडूचा दर उत्तर प्रदेशाच्या दुपटीहून जास्त निघतो. नुसत्या आकड्यांवरून ते कळलं नसतं. पण दर काढला म्हणजे माणसं कळली, असं कुणी सांगितलं? "अमुक गावचे लोक असेच" हे म्हणायला आपल्याला नुसतं निमित्त लागतं. पूर्वी पाण्यावरून म्हणायचो, आता अपघातावरून.

आणि हो, दादाचं हेल्मेट होतं. आरशाला अडकवलेलं. माहीत आहे मला, कमेंटमध्ये येऊन सांगू नका. दीड-दोनशे वेळा त्याला मीच सांगितलं असेल. "गावात पोचता पोचता काय घालायचं" म्हणायचा, आणि गाव अजून तास-दीड तास लांब असायचं.

पण ती ट्रॉली कुठल्या रकान्यात आहे? गाळप सुरू झालं की दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत जिल्हाभर त्याच ट्रॉल्या, एकामागं एक दोन-दोन जोडलेल्या, मागचा दिवा नसलेल्या. तुलना करायचीच तर तालुक्यांची कशाला, रस्त्याच्या तुकड्या-तुकड्यांची करा की. कुठला टप्पा, किती वाजता, कुठला महिना, मेलेला पायी होता की दुचाकीवर, आणि मूळ कुठला. मग बघू मोहोळवाल्यांना गाडी येते का नाही. एक रिफ्लेक्टरची पट्टी कितीला येते ओ? सीडीपेक्षा स्वस्तच असेल.

चिडून लिहितोय, कळतंय. दुपारपासून तीनदा खोडलं.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. "माढा एक नंबर" म्हणून अंगठा टाकणारा पोरगा आमच्याच गावचा. दादाला न्यायचं होतं तेव्हा खांदा द्यायला पुढं होता तो. त्याच्या मनातही आलं नसणार, यादीच तशी आहे.

ग्रुपवर मी उत्तर दिलं नाही. वहिनी आहे त्या ग्रुपवर. यादी तिनंही बघितली असणार.