लिनर्ड स्किनर्डचा झेंडा आणि रॉनीची गाणी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लिनर्ड स्किनर्ड या अमेरिकी रॉक बँडचा गायक आणि गीतकार रॉनी व्हॅन झँट याच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप दोन आहेत. अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा मागे लावून गाणाऱ्या आणि अलाबामाचा वर्णद्वेष्टा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस याचं कौतुक करणाऱ्या बँडला मी डोक्यावर घेतलं, हा पहिला. आणि विमान पडलं नसतं तर लिनर्ड स्किनर्ड आज कुणाला आठवलेही नसते, हा दुसरा.

दुसरा आधी घेतो, कारण तो मला मुळीच मान्य नाही. 20 ऑक्टोबर 1977 ला मिसिसिपीतल्या गिल्सबर्गजवळच्या जंगलात इंधन संपून त्यांचं विमान कोसळलं. रॉनी, गिटारवादक स्टीव्ह गेन्स, त्याची बहीण कॅसी आणि आणखी तिघे गेले. रॉनी तेव्हा 29 वर्षांचा होता. पण तोवर पाच स्टुडिओ अल्बम झाले होते आणि पाचवा तर तीनच दिवसांपूर्वी बाजारात आला होता. 1976 मध्ये इंग्लंडला नेबवर्थच्या मैदानात, रोलिंग स्टोन्सच्या आधी, त्यांनी 'फ्री बर्ड' हे आपलं गाणं वाजवलं त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. ते पाहिल्यावर हे नाव अपघातामुळे मोठं झालं असं म्हणवणार नाही. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलची ही साध्या घरांतली मुलं ग्रीन कोव्ह स्प्रिंग्जजवळच्या पत्र्याच्या खोपटात, भर उन्हाळ्यात, दिवसदिवस तालीम करायची. त्या जागेला त्यांनी 'हेल हाऊस' असंच नाव दिलं होतं. त्या तालमीमागे रॉनीचा धाक होता.

आता झेंडा. इथे तुमचं माझं दुमत नाही. ही रेकॉर्ड कंपनीची प्रसिद्धीची कल्पना होती, असं बँडवाले सांगत आले. असेल. पण कल्पना कुणाचीही असो, रंगमंच त्यांचा होता आणि ज्याच्या शब्दाबाहेर बँड जात नव्हता त्या रॉनीला तो झेंडा एका रात्रीत उतरवता आला असता. त्याने तो उतरवला नाही. पुढे 2012 मध्ये बँडचा गिटारवादक गॅरी रॉसिंग्टन याने द्वेष पसरवणाऱ्यांनी हा झेंडा बळकावल्याचं सांगून तो सोडत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा चाहते भडकले आणि काही दिवसांतच बँडने माघार घेतली. त्या माघारीचं मला आजही वाईट वाटतं.

गव्हर्नरचं मात्र तितकं सरळ नाही. गायक नील यंगने 'सदर्न मॅन' आणि 'अलाबामा' या गाण्यांत दक्षिणेला वर्णद्वेषावरून झोडपलं, त्याला उत्तर म्हणून 1974 मध्ये 'स्वीट होम अलाबामा' आलं. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये लोकांना गव्हर्नर आवडतो, अशी त्यात ओळ आहे आणि तिच्या पाठोपाठ मागच्या आवाजांत 'बू, बू, बू' अशी हुर्यो येते. ती हुर्यो वॉलेसलाच उद्देशून होती, असं बँडचं म्हणणं. मला ते पटतं, पण पुरेसं वाटत नाही. त्याच बर्मिंगहॅममध्ये 1963 च्या सप्टेंबरात चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या होत्या. अशा शहराचं नाव घेताना निषेध कान देऊन शोधावा लागू नये. त्या गाण्याला मागून साथ देणाऱ्यांत मेरी क्लेटन आणि क्लायडी किंग या दोन कृष्णवर्णीय गायिका होत्या. क्लेटनला ते गाणं गायचंच नव्हतं. शेवटी आपण ते निषेध म्हणून गायलो, असं तिने नंतर सांगितलं. त्या गाण्याचा हा सगळ्यात खरा भाग आहे असं मला वाटतं. यंगबद्दल म्हणाल, तर त्याने स्वतःच पुढे लिहिलं की आपल्या 'अलाबामा'ला तो टोला मिळायलाच हवा होता. आणि रॉनी त्याच्या शेवटच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर यंगचाच टी-शर्ट घालून उभा आहे.

पण तुमच्या प्रतिक्रियेत ज्याचा उल्लेखच नाही, त्यासाठी मी तो लेख लिहिला होता. 'स्वीट होम अलाबामा' ज्या अल्बमवर आहे, त्याच अल्बमवर 'द बॅलड ऑफ कर्टिस लो' आहे. एक गोरा पोरगा पहाटे कोंबडा आरवायच्या आत उठून सोड्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करतो, दुकानात देऊन पैसे मिळवतो आणि ते एका म्हाताऱ्या कृष्णवर्णीय वादकाला नेऊन देतो. म्हातारा मांडीवर डोब्रो ही एक प्रकारची गिटार ठेवून ब्लूज वाजवतो. गाव त्याला कुचकामी म्हणतं. आई पोराला चोपते, तरी तो जातच राहतो. म्हातारा मरतो तेव्हा प्रार्थनेला कुणी येत नाही. आणि गाणारा ठणकावून सांगतो की त्याला नावं ठेवणारे मूर्ख होते, त्याच्या तोडीचा वादक झाला नाही. बँडचा गिटारवादक अ‍ॅलन कॉलिन्स याच्याबरोबर रॉनीने हे रचलं. दक्षिणेच्या गोऱ्या रॉकने आपलं संगीत कुणाकडून घेतलं आणि त्या माणसाला काय दिलं, याचा इतका थेट कबुलीजबाब त्या काळातल्या या प्रकारच्या संगीतात मला दुसरा सापडत नाही. पुढच्याच वर्षी त्याने 'सॅटर्डे नाइट स्पेशल' गायलं. त्यात स्वस्त पिस्तुलं माणसं मारण्यापलीकडे कशाच्याच उपयोगाची नाहीत, ती समुद्राच्या तळाशी टाका, असं त्याचं म्हणणं आहे. बंदुकीवर प्रेम करणाऱ्या आपल्याच श्रोत्यांसमोर तो हे गात होता.

1987 मध्ये रॉनीचा धाकटा भाऊ जॉनी याला गायक म्हणून घेऊन बँड पुन्हा उभा राहिला. त्यानंतरच्या वर्षांत लोकांच्या नजरेत झेंडा मोठा होत गेला आणि ही गाणी मागे पडली. तुमचा राग या दुसऱ्या पर्वावर असेल, तर त्यातला बराचसा मलाही मान्य आहे. पण त्याचा हिशेब रॉनीच्या नावावर मांडू नका. 'कर्टिस लो' एकदा शब्दांकडे लक्ष देऊन ऐका आणि मग पुन्हा लिहा. तेव्हाही मत बदललं नसेल, तर मी पुढे वाद घालायला तयार आहे.